मेलेली रेती

गेल्या वर्षी पोळ्याला आठ दिवस उरले असताना एका दुकानदाराने आमच्या घंट्यांची दोन पोती परत पाठवली. बैलाच्या गळ्यात बांधायच्या पितळी घंट्या. बाबांनी पोत्यातून एक काढून हलवली. टण्ण वाजायला हवी होती, वाजली बद्द. तडा गेलेल्या मडक्यावर टिचकी मारली की जसा आवाज येतो तसा. दुसरी काढली, तिसरी काढली. मग त्यांनी पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं आणि काही न बोलता चहा मागवला.

मी एक घंटी कानशीने घासून पाहिली. वरून ठीक दिसणाऱ्या पितळाच्या आत टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती. ओतकामात याला ब्लोहोल म्हणतात. पितळ ओतताना आत वायू तयार झाला, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही आणि तो धातूतच अडकून बसला. अशी घंटी बैलाच्या गळ्यात काय, दारावरही कोणी बांधणार नाही.

आमचा कारखाना गांधीबागेत आहे. गांधीबाग म्हटलं की नागपूरकराला कापड आठवतं. ठोक बाजार, साड्यांची दुकानं, गाठी लादलेल्या हातगाड्या, त्यातून वाट काढणारे ई-रिक्षा. अशाच एका गल्लीत, दोन कापडाच्या दुकानांमधल्या बोळातून आत गेलं की आमची भट्टी लागते. कारखाना म्हणायचं, पण आहेत दोनच खोल्या. पुढच्या खोलीत घासकाम आणि हिशेब, मागे भट्टी आणि रेतीचा ढीग. शेजारचे कापडवाले वर्षातून एकदा तरी बाबांना विचारतात, "जागा गोडाऊनला देता का?" बाबा हसून नाही म्हणतात. गेल्या वर्षी हाच प्रश्न आला तेव्हा ते हसले नाहीत. "पोळा होऊ द्या, मग पाहू," म्हणाले.

मी तेव्हा जिऑलॉजीत एम.एस्सी. करून घरी बसले होते. पाच वर्षं दगड ओळखायला शिकले, पण मागच्या खोलीतला ढीग कधी त्या नजरेने पाहिला नव्हता. लहानपणी त्यात मी घरं बांधली होती, एवढीच त्याची ओळख.

घंट्या परत आल्या त्या संध्याकाळी मिस्त्रीकाकांनी ढिगातून मूठभर रेती घेतली, दाबली आणि मूठ उघडली. गोळा झाला होता, पण बोट लावताच त्याचा भुगा झाला.

"हे रेती मेली, माय," ते म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा माणूस, बोलायची पद्धत. नंतर कळलं की ते अगदी शब्दशः बोलत होते.

*

रेतीच्या साच्यात ओतकाम कसं होतं ते थोडक्यात सांगते. घंटीच्या आकाराचा लाकडी किंवा धातूचा फर्मा असतो. तो पेटीत ठेवून भोवती ओलसर रेती ठोकून बसवायची. पेटीचे दोन भाग वेगळे करून फर्मा काढायचा. आत त्याच्या आकाराची पोकळी उरते. घंटी आतून पोकळ हवी म्हणून पोकळीत रेतीचाच गाभा ठेवायचा. पेटी पुन्हा जोडायची आणि वरच्या भोकातून वितळलेलं पितळ ओतायचं. थंड झालं की रेती फोडून घंटी काढायची. तीच रेती पाणी मारून, चाळून पुढच्या साच्याला.

म्हणजे या रेतीकडून एकाच वेळी बऱ्याच गोष्टी हव्या असतात. फर्मा काढल्यावर आकार धरून राहिली पाहिजे. हजार अंशांच्या वरचं पितळ अंगावर घेऊन वितळायला नको. रेतीतल्या पाण्याची वाफ होते, तिला कणांमधल्या फटींतून जाऊ दिलं पाहिजे. आणि काम झाल्यावर सहज फुटली पाहिजे. यातल्या काही गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. कण बारीक असले तर घंटीचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो, पण वाफ कोंडते. जाडे असले तर वाफ जाते, पण घंटी खरबरीत निघते.

आकार धरून ठेवते ती रेतीतली चिकणमाती. साच्यासाठी वापरायच्या नैसर्गिक रेतीत ती साधारण ५ ते २० टक्के असते. कणांवर तिचा पातळ थर बसतो, पाणी लागलं की तो चिकट होतो आणि कण एकमेकांना धरतात. पण माती फार तापली, साधारण सहाशे-सातशे अंशांच्या पुढे गेली, की तिच्या रचनेत बांधलेलं पाणी निघून जातं. मग वरून कितीही पाणी मारा, ती पुन्हा चिकट होत नाही. भाजलेल्या विटेचा चिखल होत नाही, तसंच. इंग्रजी पुस्तकांत या मातीला चक्क 'मृत' म्हणतात. मिस्त्रीकाकांनी ती पुस्तकं वाचलेली नाहीत.

दर ओतीला पितळाला टेकलेला रेतीचा थर असा मरतो. त्यामुळे ढिगात सतत नवी, जिवंत माती असलेली रेती मिसळावी लागते. आजोबा दर उन्हाळ्यात कन्हान नदीच्या एका ठरावीक वळणावरून ती आणायचे. त्यांच्यानंतर काही वर्षं बाबांनी आणली. मग ते बंद झालं. रेती हे गौण खनिज आहे, परवान्याशिवाय उचलता येत नाही, आणि चार पोत्यांसाठी कोण परवाना काढणार? बाबांनी सोपा मार्ग घेतला. बांधकामासाठी आलेली स्वच्छ धुतलेली रेती विकत आणून ढिगात टाकायला लागले. ती कन्हानचीच होती, दिसायला आधीच्या रेतीहून चांगली.

चूक तिथेच झाली. गवंड्याला रेतीत माती नको असते, कारण तिच्यामुळे सिमेंटची पकड कमी होते. म्हणून नागपुरात चांगली रेती म्हणजे धुतलेली रेती. आम्हाला हवी होती नेमकी धुऊन टाकलेली गोष्ट. ढीग वाढत होता, त्यातली जिवंत माती कमी होत होती. साचा टिकावा म्हणून कारागीर जास्त पाणी मारत होते. पोळ्याचं काम पावसाळ्यात चालतं, हवा आधीच दमट. जास्त पाणी म्हणजे जास्त वाफ. त्यात मेलेल्या मातीची पूड कणांमधल्या फटींत बसलेली. वाफेने पितळात घर केलं.

*

मी बाबांना म्हटलं, आपण आजूबाजूच्या रेत्या तपासून पाहू. बाबा म्हणाले, "तपास न. घरी बसून तरी काय करून राहिली?"

नागपूर या कामासाठी सोयीच्या जागी वसलं आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असलेले खडक सुरू होतात. उत्तरेला कामठीच्या बाजूला वालुकाश्म आहे, त्याचं शास्त्रीय नावच कामठी. वय साधारण पंचवीस कोटी वर्षं. कॉलेजात असताना आम्ही सिलेवाड्याला त्यात ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे शोधायला गेलो होतो. कन्हान तर सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून येताना या सगळ्यांचंच थोडं थोडं घेऊन येते. कामठीच्या वर पेंच आणि कोलार तिला मिळतात. म्हणजे गाडीवर एका दिवसात फिरून चार वेगळ्या जन्माच्या रेत्या गोळा करता येतात.

मी दहा-दहा किलोचे नमुने आणले. बांधकामाची धुतलेली रेती आमच्याकडे होतीच. दुसरी कन्हानकाठच्या एका शेतातली. पुराने शेतात बारीक मातकट रेती आणून टाकली होती, शेतकऱ्याला ती नकोच होती. तिसरी हिंगण्याच्या बाजूच्या एका नाल्यातली, काळपट. चौथी कामठीजवळ विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या ढिगातली. पिवळा-तांबडा वालुकाश्म, इतका झिजलेला की हाताने चुरता येत होता. पाचवा नमुना मी घरी बनवला, धुतलेल्या रेतीत शेतातली काळी माती मिसळून. आपली काळी माती बेंटोनाइटच्याच कुळातली, पाण्याने फुगणारी आणि चिकट. फाउंड्रीवाले रेती जोडायला बेंटोनाइट विकत घेतात. मला वाटलं, आपल्या शेतात फुकट आहे की.

प्रयोगशाळेत या तपासणीला ठरलेल्या पद्धती आहेत. ५० मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा रेतीचा ठोकळा ठरावीक वजनाच्या तीन ठोक्यांनी तयार करतात. त्यातून हवा किती वेगाने जाते आणि तो किती भाराला फुटतो ते मोजतात. माझ्याकडे पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक जुनं वजन, चाळण्या आणि फोन होता.

मातीसाठी पाण्याची बाटली. बाटलीत एक तृतीयांश रेती, बाकी पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. जोरात हलवून ठेवून द्यायची. जाडे कण काही सेकंदांत बसतात, बारीक रेती त्यावर, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, कधी दुसऱ्या दिवशी. धुतलेल्या रेतीचं पाणी लगेच स्वच्छ झालं. कामठीच्या नमुन्यावर मातीचा जाड तांबूस थर बसला.

हवेसाठी फुगा. पाइपच्या तुकड्यात ओलसर रेती तीन ठोक्यांनी ठोकायची, एका तोंडाला सारख्या मापाचा फुगवलेला फुगा बांधायचा आणि तो रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते फोनवर मोजायचं. धुतलेल्या रेतीतून फुगा बघता बघता रिकामा झाला. आमच्या जुन्या ढिगातल्या रेतीला इतका वेळ लागला की मी मध्येच चहा करून आले.

काळ्या नाल्याच्या रेतीत चुंबक फिरवलं तर त्याला काळ्या पुडीची दाढी आली. ते मॅग्नेटाइट, बेसाल्टमधलं. फोनच्या मॅक्रो लेन्सखाली कन्हानचे कण काचेसारखे आणि गुलाबी दिसत होते, याचे मातकट आणि काळे. क्वार्ट्झ सतराशे अंशांच्या आसपास वितळतो. बेसाल्ट हजार ते बाराशेच्या दरम्यानच मऊ पडायला लागतो. सगळ्या नमुन्यांची चिमूटचिमूट खापरीवर ठेवून भट्टीत सरकवली. थंड झाल्यावर बाकीच्या रेत्या सुट्या होत्या, हिंगण्याच्या नाल्यातलीची ढेप झाली होती. ॲल्युमिनियम सातशे अंशांच्या आसपास ओततात, तिथे कदाचित ती चालेल. पितळाच्या अंगाला ती चिकटून बसली असती.

शेवटी व्हिनेगर. रेतीत चुनखडीचे कण असले तर फेस येतो. असे कण गरम धातूपुढे कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणजे पुन्हा ब्लोहोल. काळ्या नाल्याच्या रेतीला फेस आला. पाचव्या नमुन्यालाही आला. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. भट्टीशेजारी ते आठवलं नव्हतं.

*

मिस्त्रीकाका हे सगळं लांबून बघत होते. एक दिवस मी पाचही नमुने सारखे ओलवून, नंबर घालून त्यांच्यापुढे मांडले. कुठली रेती कुठली ते सांगितलं नाही.

त्यांनी एकेक मूठ दाबली. गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उमटतात का ते पाहिलं. गोळा मधून मोडला आणि मोडलेली कड पाहिली. कड धारदार राहिली पाहिजे, ढासळायला नको. हाताला ओल लागायला नको. मग चिमूटभर रेती अंगठ्याने बोटावर घासून कानाजवळ नेली. टोकदार कण जास्त करकरतात.

त्यांनी पहिला नंबर काळ्या मातीच्या मिश्रणाला दिला, दुसरा कामठीला, तिसरा कन्हानच्या पुराच्या रेतीला. काळी नाल्याची चौथी. धुतलेली त्यांनी दाबलीच नाही, नुसती पाहून बाजूला सारली.

मी त्यांना व्हिनेगरचा फेस दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "हे मुठीत समजत नाही," म्हणाले. तरी त्या मिश्रणात आम्ही दोन घंट्या ओतल्या. साचा सुंदर उभा राहिला, घंट्या भोकाभोकांच्या निघाल्या.

मग माझी पाळी. फुग्याच्या परीक्षेत पुराच्या रेतीपेक्षा जाडी चाळलेली रेती पुढे होती, म्हणून मी तीच घ्या म्हणत होते. काका म्हणाले, "हवा जाईन, पण घंटीचा अंग पाह्यजो मंग." घंटी निघाली ती सांडगेदार. घासायला तिप्पट वेळ लागला असता. फुगा एकच गोष्ट मोजत होता आणि मी ती सगळ्यात महत्त्वाची समजत होते.

कामठीची रेती एकटी वापरली तर माती थोडी जास्त होती, हवा कमी जात होती. पुराच्या रेतीत उलट. दोन्ही निम्म्या-निम्म्या घेतल्या, जुन्या ढिगातली सगळी बारीक पूड धुऊन काढली आणि उरलेली रेती त्यात मिसळली. त्यातून ओतलेली पहिली घंटी काकांनी दोऱ्याला बांधली, टिचकी मारली आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी बोललं नाही.

नंतर वाचताना कळलं की इंग्लंडमधल्या मॅन्सफिल्डची तांबडी रेती ओतकामासाठी प्रसिद्ध होती आणि तीसुद्धा झिजलेल्या तांबड्या वालुकाश्मातून येते, वयाने आमच्या कामठीच्या आसपासच्याच. अमेरिकेत अशीच ख्याती ऑल्बनीच्या रेतीची होती. आज मोठ्या फाउंड्र्या नैसर्गिक रेतीवर अवलंबून नसतात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली सिलिका रेती जाते, तिच्यात बेंटोनाइट मोजून मिसळतात. त्यात प्रत्येक ओतीला तोच निकाल मिळतो. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या भट्टीला मात्र अजून आपल्या पंचक्रोशीतलं काय चालतं ते स्वतःच शोधावं लागतं.

*

एक गोष्ट मी तपासायला घेतली नव्हती, पण ती पुढ्यात आली.

काका अनेक वर्षं खोकतात. भट्टीचा धूर आहे, विडी आहे, असं सगळे धरून चालले होते. एका डॉक्टरांनी टीबी समजून औषध दिलं, खोकला राहिला. हिवाळ्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?"

सिलिकोसिस. सिलिकाची अतिबारीक धूळ फुप्फुसात बसते आणि तिथे वण तयार करते. ते वण जात नाहीत. फॅक्टरी कायद्यातल्या, १९४८ सालच्या, अधिसूचित रोगांच्या यादीत तो होता. धोक्याचे कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. जी धूळ उन्हाच्या तिरिपीत दिसते ती त्यातली जाडी.

मी चार महिने रेतीला गुण देत होते आणि त्या यादीत हा रकाना नव्हता. घंटीचा अंग गुळगुळीत यावा म्हणून आपण बारीक रेती शोधतो. जुनी रेती कोरडी चाळतो. पेटीचे दोन भाग चिकटू नयेत म्हणून काका पोटलीतून बारीक रेतीची पूड भुरभुरायचे, तोंडापासून हातभर अंतरावर. तीस-पस्तीस वर्षं. ढिगातून मी जी मेलेली पूड धुऊन काढली, तीच ते रोज श्वासातून घेत होते.

आता चाळायचं ते ओलवूनच. पोटलीत शंखजिरे. मागच्या भिंतीला एक्झॉस्ट पंखा लावला आहे. मास्क सगळ्यांना दिलेत, मे महिन्यात ते कोणी लावत नाही, त्यावरून माझी रोज भांडणं होतात. काकांना चाळायच्या कामावर येऊ देत नाही. त्यांना त्याचा राग आहे.

*

या वर्षी त्या दुकानदाराने निम्मीच ऑर्डर दिली. तीही बाबा स्वतः नमुना घेऊन गेले तेव्हा. काही घंट्या आताही वाया गेल्या, पण त्या आमच्याकडेच फुटल्या, परत आल्या नाहीत.

पुढची खोली बाबांनी कापडवाल्यांना दिली. निम्म्या ऑर्डरवर दोन खोल्यांचा खर्च निघत नव्हता, हे मीही हिशेबाच्या वहीत पाहिलं होतं. तिथे आता चादरींच्या गाठी आहेत. घासकाम मागे भट्टीजवळ आलं आहे, जागा अडचणीची झाली आहे. गोडाऊनचा माणूस पहिल्या आठवड्यात तक्रार घेऊन आला होता, गाठींवर धूळ बसते म्हणून. ओलं चाळायला लागल्यापासून आला नाही.

मला हिंगणा एमआयडीसीत मटेरियल टेस्टिंगची नोकरी लागली आहे. तिथे ठोकळा मोजणारं खरं यंत्र आहे. रविवारी मी भट्टीवर असते. काका खुर्ची टाकून दाराशी, वाऱ्याच्या बाजूला बसतात. मी रेती ओलवते, मूठ दाबते, त्यांना नेऊन दाखवते. ते गोळा मोडतात, कड पाहतात.

"अजून थोडं पाणी मार," म्हणतात. मी मारते.